गोव्यातल्या घरावर जोडीदाराचं नाव चढवताना: आधी लग्नाचा दाखला, मग बक्षीसपत्र

‘घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायकोचं नाव चढवायचंय. गिफ्ट डीड करू का? टॅक्स किती बसेल?’ म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या वकिलांकडे आणि सीएंकडे हा प्रश्न रोज येतो. देशात इतरत्र त्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. गोव्यात मात्र आधी लग्नाचा दाखला काढून बघावा लागतो, कारण जे बक्षीस द्यायला निघालात ते कदाचित आधीच जोडीदाराच्या मालकीचं असेल. दुसऱ्या टोकाला, लग्नच झालेलं नसेल तर त्याच एका कागदामुळे जोडीदाराच्या डोक्यावर आठ-दहा लाखांचा आयकर येऊन पडू शकतो.

एक गैरसमज आधी दूर करू. भारतात ‘गिफ्ट टॅक्स’ नावाचा वेगळा कर आता नाही. १९५८ चा बक्षीस कर कायदा १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. तो कर देणाऱ्यावर होता. आज जो कर आहे तो घेणाऱ्यावर आहे आणि तो आयकरच आहे: मिळालेलं बक्षीस त्या वर्षीचं ‘इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न’ धरलं जातं. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ५६(२)(x) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, इथे लागणाऱ्या तरतुदींचा गाभा बदललेला नाही. वकील, सीए आणि जुने दस्त अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून खाली तेच वापरले आहेत.

आधी ठरवा: तुम्ही कुठल्या गटात?

कर, मुद्रांक शुल्क आणि वारसांचे हक्क या तिन्हींचा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला गट म्हणजे गोव्याचा अधिवास असलेली, लग्नाची नागरी नोंदणी झालेली आणि लग्नाआधी कुठलाही करार न केलेली जोडपी. गोंयकारांची बहुतेक लग्नं यातच येतात. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, मुदत संपल्यावर दुसरी सही झाली आणि मालमत्तेबद्दल कोणी काही लिहून दिलं नाही, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार दोघांची ‘सामायिक मालमत्ता’ पद्धत आपोआप लागू होते. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, विकत घेतलेलं, वारशाने आलेलं असं सगळं एका गाठोड्यात जातं आणि त्याचा अर्धा हिस्सा प्रत्येकाचा होतो. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, कोणी बक्षीस देताना किंवा मृत्युपत्रात ‘हे जावयाच्या वाट्यात जाणार नाही’ अशी स्पष्ट अट घातली असेल, तर ती मालमत्ता बाहेर राहते.

दुसरा गट लग्नाआधी करार केलेल्यांचा. हा करार लग्नापूर्वीच रीतसर नोंदवावा लागतो आणि लग्नानंतर तो करता किंवा बदलता येत नाही. त्यात मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवता येते, किंवा लग्नाआधीची वेगळी आणि नंतरची सामायिक असंही ठरवता येतं. आपल्या लग्नाचा करार आहे की नाही हे आठवणीवर सोडू नका, कारण कराराचा कागद कित्येकदा वडिलांच्या ट्रंकेत असतो आणि जोडप्याला त्याची कल्पनाही नसते. लग्नाच्या नोंदीचा पूर्ण उतारा काढा आणि त्यावरची प्रत्येक नोंद वाचा.

तिसरा गट बाहेरून येऊन गोव्यात घर घेतलेल्यांचा. पुण्याच्या किंवा बेळगावच्या जोडप्याने पर्वरीत फ्लॅट घेतला म्हणून त्यांना पोर्तुगीज संहिता लागू होत नाही. त्यांच्यात एकाच्या नावावरचं घर त्या एकाचंच असतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

चौथा गट लग्न न केलेल्या जोडीदारांचा: लग्न ठरलेले, लग्न न करता एकत्र राहणारे, समलिंगी जोडपी. कराच्या दृष्टीने सर्वांत महाग गट हाच, म्हणून पुढे त्यावर जास्त लिहिलं आहे.

सामायिक मालमत्ता असेल तर बक्षीसपत्राची गरजच नसते

नवऱ्याच्या नावावरच्या घराचा अर्धा हिस्सा बायकोला बक्षीस द्यायचा, असं पहिल्या गटातलं जोडपं ठरवतं तेव्हा जे तिचंच आहे ते तिलाच दिलं जातं. त्या कागदाने तिला नवीन काही मिळत नाही, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मात्र जाते. शिवाय पुढच्या खरेदीदाराचा वकील विचारतो, ‘बक्षीस दिलं म्हणजे मालमत्ता वेगळी होती का? मग करार कुठे आहे?’ नसलेल्या प्रश्नाला आपल्याच हाताने जन्म दिल्यासारखं होतं.

अशा जोडप्याला पाहिजे असते ती महसुली नोंद. गावातल्या जमिनीसाठी ‘एक-चौदा’चा उतारा, शहर सर्वेक्षणाच्या भागात ‘फॉर्म डी’. एक-चौदावर कब्जेदाराच्या रकान्यात नवऱ्याचं एकट्याचं नाव असतं, शेजारी म्युटेशनचा, म्हणजे नावातल्या फेरफाराच्या नोंदीचा, क्रमांक. तिथे बायकोचं नाव यावं म्हणून गोवा जमीन महसूल संहिता १९६८ खाली म्युटेशनचा अर्ज करायचा: गावच्या जमिनीसाठी मामलेदाराकडे, शहर सर्वेक्षणाच्या जागेसाठी भूमापन व भूमी अभिलेख निरीक्षकाकडे. सोबत लग्नाच्या नोंदीचा उतारा, नवऱ्याचा खरेदीदस्त, ताजा एक-चौदा किंवा फॉर्म डी, दोघांची ओळखपत्रं आणि नवऱ्याचं संमतिपत्र जोडा. नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग नोंद मंजूर होते. लग्नाच्या उताऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दस्तातलं नाव यांत फरक असेल तर अर्ज तिथेच अडकतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग असे घोळ गोव्यात घरोघरी आहेत. ‘ही तीच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

यात कर कुठेच येत नाही. लग्नामुळे कायद्यानेच मिळालेला हिस्सा बक्षीसही नव्हे आणि विक्रीही नव्हे.

मात्र उत्पन्नाकडे लक्ष द्या. आयकर कायद्याचं कलम ५अ खास पोर्तुगीज संहिता लागू असलेल्या जोडप्यांसाठी आहे. पगार ज्याचा त्याचा राहतो. घरभाडं, धंदा, भांडवली नफा आणि व्याज निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. समजा फ्लॅटचं भाडं महिना ३०,००० रुपये आहे. वर्षाचे ३,६०,००० झाले. घरपट्टी बाजूला ठेवली तर ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर २,५२,००० उरतात, आणि प्रत्येकाच्या विवरणपत्रात १,२६,००० येतात. त्यासाठी ‘शेड्यूल ५अ’ भरावं लागतं. ‘सहज’ म्हणजे फॉर्म १ मध्ये ते नाही, त्यामुळे फॉर्म २ किंवा ३ घ्यावा लागतो. नवऱ्याने अर्धं दाखवलं आणि बायकोने विवरणपत्रच भरलं नाही, ही नेहमीची चूक. टीडीएस एकाच्या पॅनवर कापला जातो, उत्पन्न दोघांकडे विभागलं जातं, आणि जुळणी न झाल्याने नोटीस येते. दोन्ही विवरणपत्रं एकाच माणसाकडून, एकाच दिवशी भरून घ्या.

घर विकताना हेच वाटप फायद्याचं ठरतं. नफाही निम्मा-निम्मा होतो, त्यामुळे कलम ५४ईसीच्या रोख्यांची (नफा त्यांत गुंतवून कर वाचवता येतो) ५० लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

पतीपत्नी, पण मालमत्ता वेगळी

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला बक्षीसपत्र खरोखर लागतं. घेणाऱ्यावर आयकर शून्य, कारण पती किंवा पत्नी हे ‘नातेवाईक’ या व्याख्येत पहिलेच येतात आणि रकमेला मर्यादा नाही. देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर नाही, कारण कलम ४७(iii) प्रमाणे बक्षीस म्हणजे हस्तांतरण धरलं जात नाही.

कर चुकत नाही तो उत्पन्नावर. मोबदला न घेता बायकोला अर्धं घर दिलं, तर त्या अर्ध्याचं भाडं कराच्या हिशेबात नवऱ्याचंच धरलं जातं. कलम २७ त्याला ‘मानीव मालक’ म्हणतं. पुढे घर विकलं तर तिच्या अर्ध्या हिस्स्याचा नफाही कलम ६४ खाली त्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. म्हणजे कर वाचवण्यासाठी बायकोचं नाव घालायचं असेल तर उपयोग नाही. तिच्या हक्कासाठी, सुरक्षिततेसाठी घालायचं असेल तर जरूर घाला. तिने ते भाडं बाजूला टाकून गुंतवलं, तर त्या गुंतवणुकीवरचं व्याज मात्र तिचं. सासूसासऱ्यांनी सुनेला हिस्सा दिला तरी हीच जोडणी लागू होते: त्या हिस्स्याचं उत्पन्न तो देणाऱ्या सासऱ्याच्या किंवा सासूच्या उत्पन्नात धरलं जातं.

लग्न झालेलं नसेल तर

नातेवाईकांची यादी बंदिस्त आहे: पती-पत्नी, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःची आणि जोडीदाराची सरळ वरची-खालची पिढी, आणि या सगळ्यांचे पती-पत्नी. लग्न न करता दहा वर्षं एका छपराखाली राहिलेला माणूस यात नाही. समलिंगी जोडीदारही नाही, कारण त्या विवाहाला कायद्याची मान्यता नाही. वाङ्‌निश्चय झालेली मुलगीही लग्नाआधी ‘नातेवाईक’ नसते.

नातेवाईक नसलेल्याकडून स्थावर मालमत्ता फुकट मिळाली आणि तिचं मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ती किंमत) ५०,००० रुपयांच्या वर असेल, तर पूर्ण मूल्य करपात्र ठरतं. पहिले ५०,०००सुद्धा सुटत नाहीत.

आकडे मांडून बघू. ताळगावातल्या एका फ्लॅटचं मुद्रांक मूल्य ७० लाख. मालक जोडीदाराला अर्धा अविभक्त हिस्सा बक्षीस देतो, म्हणजे ३५ लाख. जोडीदाराचं करपात्र उत्पन्न, वजावटी जाऊन, १० लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य, म्हणून बक्षिसाशिवाय तिला काहीच भरावं लागलं नसतं. बक्षीस धरल्यावर उत्पन्न ४५ लाख. पहिल्या ४ लाखांवर शून्य, २४ लाखांपर्यंतच्या टप्प्यांचा कर ३,००,०००, उरलेल्या २१ लाखांवर ३० टक्क्यांनी ६,३०,०००. बेरीज ९,३०,०००, त्यावर ४ टक्के उपकर ३७,२००. एकूण ९,६७,२०० रुपये. हातात रोकड एक रुपयाही आलेली नाही आणि कर मात्र रोख भरायचा आहे. शिवाय आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखा पाळल्या नाहीत तर वर व्याज.

‘कळणार कोणाला?’ असं म्हणू नका. दस्तात दोघांचे पॅन असतात, आणि ठरावीक मर्यादेवरचे व्यवहार नोंदणी कार्यालय आयकर खात्याला आपणहून कळवतं. वार्षिक माहिती विवरणपत्रात ती नोंद दिसतेच.

मग मार्ग कोणते?

लग्न ठरलेलं असेल तर थांबा. गोव्याचा अधिवास असेल, लग्नाआधी करार करायचा नसेल, तर दुसऱ्या सहीनंतर अर्धं घर काही न करता जोडीदाराचं होतं. लग्नाच्या आदल्या महिन्यात बक्षीसपत्र करणं म्हणजे फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे मोजणं. बाहेरचं जोडपं असेल तर लग्नानंतर बक्षीसपत्र करावं. लग्नाच्या निमित्ताने वधू किंवा वराला मिळालेलं बक्षीस कोणाकडूनही आलं तरी करमुक्त असतं, पण मग दस्तात ‘विवाहानिमित्त’ हे शब्द आणि लग्नाची तारीख हवी, आणि दस्त लग्नाच्या आसपासचा हवा. दोन वर्षांनी ‘ते लग्नाचं बक्षीस होतं’ म्हटलेलं टिकत नाही.

लग्न करायचंच नसेल तर हिस्सा योग्य किमतीला विकणं हा बहुतेकदा स्वस्त मार्ग असतो. वरच्याच फ्लॅटचा अर्धा हिस्सा मालकाला २०१९ मध्ये २० लाखांना पडला होता असं धरा. आता तो ३५ लाखांना जोडीदाराला विकला. नफा १५ लाख, १२.५ टक्क्यांनी कर १,८७,५००, उपकरासह १,९५,०००. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असल्याने भारतात निवासी असलेल्या मालकाला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करण्याचीही मुभा आहे. दोन्ही करून कमी निघेल तो भरायचा. ९,६७,२०० च्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसतो. पण ३५ लाख खरोखर जोडीदाराच्या खात्यातून, तिच्या कमाईतून किंवा तिच्या कर्जातून यायला हवेत. मालकानेच आधी तिच्या खात्यात पैसे टाकायचे आणि तेच परत घ्यायचे, असं केलं तर ते पैसेच करपात्र बक्षीस ठरतात.

किंमत कमी दाखवण्याचा मोहही टाळा. तोच हिस्सा ३० लाखांना विकला तर फरक ५ लाख. सूट ५०,००० किंवा किमतीच्या १० टक्के यांपैकी जास्त असेल तेवढीच, इथे ३ लाख. फरक त्याहून मोठा, म्हणून पूर्ण ५ लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळतात, आणि विकणाऱ्याचा नफाही कलम ५०सी प्रमाणे ३५ लाखांवरच मोजला जातो. एकाच फरकावर दोघांना फटका.

तिसरा मार्ग मृत्युपत्राचा. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर घेणाऱ्याला आयकर नाही, मग नातं असो वा नसो. गोव्यात मात्र हात पूर्ण मोकळे नाहीत. मुलं, आणि मुलं नसतील तर आईवडील असे सक्तीचे वारस असतील तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते. उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं. २०१२ चा, आणि २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात असलेला, गोव्याचा वारसा आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची प्रक्रिया) कायदा हे सगळं ठरवतो. हयातीतलं बक्षीसही या मापाने मोजलं जातं: राखीव वाट्याला कात्री लावणारं बक्षीस मालकाच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरीत वारस कापून घेऊ शकतात. पहिल्या लग्नाच्या मुलांना डावलून नव्या जोडीदाराला पूर्ण घर देणारे दस्त इथेच कोसळतात.

सर्वांत धोक्याची परिस्थिती म्हणजे पहिलं लग्न कागदावर अजून चालू आणि घर नव्या जोडीदाराच्या नावे करायचं. सामायिक मालमत्तेत त्या घराचा अर्धा हिस्सा कागदावरच्या पतीचा किंवा पत्नीचा आहे आणि त्याच्या सहीशिवाय स्थावर मालमत्ता देता येत नाही. घटस्फोट अंतिम होऊन, त्याची नोंद लग्नाच्या नोंदीवर चढून आणि मालमत्तेची वाटणी होऊन जाईपर्यंत बक्षीसपत्राला हात लावू नका.

आणि नवीन घर घेतानाच लग्न न झालेल्या जोडीदाराचं नुसतं नाव लावायचं, पैसे सगळे आपण घालायचे, असं करू नका. बेनामी कायद्यात पती-पत्नी आणि मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. या जोडीदाराला ती नाही.

घरावर कर्ज असेल तर

बँकेकडे दस्त गहाण असताना तिच्या लेखी ना-हरकतीशिवाय बक्षीसपत्र करू नका. त्यातला नाजूक मुद्दा वाक्यरचनेचा आहे. कर्ज २४ लाख शिल्लक आहे आणि दस्तात लिहिलं की ‘बक्षीस घेणार यापुढे निम्मं कर्ज फेडतील’. त्या क्षणी १२ लाखांचा मोबदला आला, असं आयकर खातं म्हणू शकतं. मग ते बक्षीस राहत नाही, विक्री होते, आणि देणाऱ्यावर मुद्रांक मूल्याने भांडवली नफा लागू शकतो. पतीपत्नींनाही हा धोका आहे. कर्जाची जबाबदारी देणाऱ्याकडेच राहील असं दस्तात लिहावं आणि दस्त झाल्यावर जोडीदाराला सहकर्जदार करण्याचा अर्ज बँकेत वेगळा द्यावा.

दस्त करण्यापूर्वी जमीन तपासा

गोव्यात घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असं सर्रास असतं. पंचायतीची घरपट्टी आजोबांच्या नावे येते म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाचं) घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली जागा विकत घेतल्याचं प्रमाणपत्र आधी हातात हवं. कोमुनिदादीची (गावच्या सामुदायिक जमिनीची जुनी संस्था) जमीन असेल तर तिच्या अटी आणि परवानगी बघा. वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी झालेली नसेल, तर वारसाला ‘समोरची खोली’ किंवा ‘वरचा मजला’ देता येत नाही. त्याच्याकडे फक्त एकूण मालमत्तेतला अविभक्त हक्क आहे. शेतजमीन घरासोबत बांधून देऊ नका, तिच्या हस्तांतरणावर २०२३ च्या कायद्याची वेगळी बंधनं आहेत.

जोडीदार परदेशी असेल तर फेमा, म्हणजे परकीय चलन कायदा, आधी बघा. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या माणसाचं भारतीय नागरिकत्व संपलेलं असतं. तो परदेशात राहत असेल आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं परदेशस्थ नागरिकाचं कार्ड) नसेल, तर त्याच्या नावे बक्षीसपत्र करायला जाऊ नका. ओसीआय असेल तर नातेवाईकाकडून राहतं घर बक्षीस घेता येतं, शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा नाही.

दस्त, टेबलापासून एक-चौदापर्यंत

हाताशी ठेवायचे कागद: मूळ खरेदीदस्त, ताजा एक-चौदा किंवा फॉर्म डी, बोजा नसल्याचा दाखला, लग्नाच्या नोंदीचा उतारा, घरपट्टीची पावती, सोसायटी असेल तर तिचं पत्र, दोघांचे पॅन आणि आधार. जुन्या मालमत्तेत पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशन कार्यालयाचे डिस्क्रिप्शन आणि इन्स्क्रिप्शन क्रमांक आणि मात्रिजचा (त्या काळच्या कर नोंदवहीचा) क्रमांक जुन्या दस्तातून जसाच्या तसा उतरवा. एक आकडा चुकला की पुढे दुरुस्तीदस्त आलाच.

मसुद्यात या गोष्टी असल्याच पाहिजेत: दोघांचं नातं नेमक्या शब्दांत, ‘अर्धा अविभक्त हिस्सा’ असं प्रमाण, चारही सीमा, कसलाही मोबदला घेतलेला नाही हे विधान, आणि घेणाऱ्याने बक्षीस स्वीकारल्याचं कलम. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच व्हावा लागतो, नाहीतर बक्षीस रद्द. देणाऱ्याला तिथेच मरेपर्यंत राहायचं असेल तर उपभोगाचा हक्क राखून ठेवल्याचं स्पष्ट लिहा, तोंडी भरवशावर ठेवू नका. देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार कायद्याने सक्तीचे आहेत.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीही भरावी लागते. सरकार दरांत बदल करत असतं, म्हणून तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रार कार्यालयातून त्याच आठवड्यातला हिशेब काढून घ्या आणि मसुद्यावर नातं दाखवूनच विचारा. माहिती एनजीडीआरएस या ऑनलाइन दस्तनोंदणी प्रणालीवर भरायची, ई-चलनाने पैसे भरायचे, वेळ घ्यायची आणि दोघांनी साक्षीदारांसह हजर व्हायचं. तिथे फोटो आणि अंगठ्याचे ठसे होतात. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर झाला पाहिजे. आधी सही करून ‘नंतर बघू’ म्हणणारे इथे सापडतात.

नोंदणी झाल्यावर म्युटेशनचा अर्ज लगेच टाका, मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टी, वीज आणि पाण्याची जोडणी. दस्त झाला आणि एक-चौदावर नाव चढलंच नाही, अशी घरं गावोगावी आहेत. वीस वर्षांनी मुलांना ते धागे उसवत बसावं लागतं.

देणाऱ्याचा मूळ खरेदीदस्त, स्टॅम्पच्या पावत्या आणि घराच्या मोठ्या कामांची बिलं बक्षीसपत्राला जोडून एकाच फायलीत ठेवा. पुढे घर विकताना घेणाऱ्याची खरेदी किंमत म्हणून आधीच्या मालकाचीच किंमत धरली जाते, आणि घर ताब्यात असल्याचा काळही त्याच्यापासूनच मोजला जातो. बक्षिसावर ज्याने कर भरला आहे त्याला मात्र ज्या मूल्यावर कर भरला ते मूल्य खरेदी किंमत म्हणून मिळतं, त्यामुळे त्या वर्षीचं विवरणपत्र आणि चलनही त्याच फायलीत हवं.